स्पोर्ट्स कारचे ब्रेक पॅड घरी बदलायचे म्हणजे नेमकं काय करायचं आणि कुठं थांबायचं

सात रस्त्याच्या सिग्नलला दोन दारांची खाली बसलेली गाडी उभी राहिली की अजूनही माना वळतातच, पण पूर्वीसारखी फोटोसाठी गर्दी होत नाही एवढा बदल सोलापुरात नक्की झालाय. पुणे-मुंबई-हैदराबादवरून सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणणारे आता बरेच आहेत. गाडी आणणं सोपं, ती सांभाळणं हे वेगळं प्रकरण. एक दिवस डॅशबोर्डवर ब्रेक पॅडची लाईट लागते आणि मग कळतं की कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात, म्हणजे जाऊन येऊन पाचशे किलोमीटर, तेही झिजलेल्या पॅडवर. इथला ओळखीचा मिस्त्री म्हणतो साहेब ही गाडी आपण घेत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे म्हणतो आणा की, बघू. आणि मोबाईलवर कोणीतरी परदेशी माणूस स्वच्छ गॅरेजात हसत हसत पंधरा मिनिटांत चारही चाकांचे पॅड बदलून दाखवतो.

तर हे घरी होतं का? होतं. नटबोल्ट उघडण्याच्या हिशोबानं बघितलं तर क्लचपेक्षा, टायमिंग बेल्टपेक्षा कितीतरी सोपं काम आहे. फक्त कुठली पायरी कशासाठी आहे हे कळल्याशिवाय हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते कळायला एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते: ब्रेकचं खरं काम उष्णता तयार करणं आणि ती हवेत सोडणं हे आहे. गाडी थांबते ती त्यातून.

पेडल दाबल्यावर काय होतं

चाकासोबत एक लोखंडी चकती फिरत असते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना घासणाऱ्या मसाल्याच्या दोन वड्या असतात, ते पॅड. आणि या पॅडना धरून ठेवणारा, डिस्कवर वरून बसलेला तो जाडजूड भाग म्हणजे कॅलिपर. लाल किंवा पिवळा रंग दिलेला चाकातून दिसतो ना, तोच. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब पाइपातून कॅलिपरमध्ये येतो, तिथले पिस्टन बाहेर सरकतात आणि पॅड डिस्कवर दाबले जातात. बस एवढंच.

आता आकडा बघा. दीड टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरनं पळत असेल तर तिच्यात साधारण ५ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा असते. थांबायचं म्हणजे ही सगळी ऊर्जा कुठंतरी गेली पाहिजे, आणि ती जाते डिस्क-पॅडमध्ये उष्णता होऊन. एवढ्या उष्णतेत जवळजवळ दोन लिटर साधं पाणी उकळीला येईल. घरात गॅसवर दोन लिटर पाणी तापायला किती वेळ लागतो आठवा, इथं ते काम अडीच-तीन सेकंदांत होतं. तीनशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ज्या वेगाला पोचायला पाचेक सेकंद लागतात तिथून ब्रेक निम्म्या वेळात शून्यावर आणतात, म्हणजे गाडीतला सगळ्यात ताकदवान पार्ट इंजिन नसून ब्रेक आहे असं म्हटलं तरी चालेल. आणि वेग दुप्पट झाला, २०० झाला, तर ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

म्हणून स्पोर्ट्स कारच्या डिस्क मोठ्या असतात, आतून पोकळ असतात म्हणजे मधून हवा खेळते, काहींना भोकं पाडलेली असतात, आणि कॅलिपरमध्ये एकाऐवजी चार किंवा सहा पिस्टन असतात. डिस्क ब्रेकचा बोलबाला झाला तोही रेसमुळंच. १९५३ साली जॅग्वार सी-टाइपनं डिस्क ब्रेक लावून ल मांची २४ तासांची रेस जिंकली, ड्रमवाल्या गाड्यांचे ब्रेक तापून ढिले पडायचे तिथं ही प्रत्येक लॅपला उशिरा ब्रेक मारत होती.

पॅड संपले हे कळतं कसं

नवीन पॅडवर मसाला साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटर राहिला की नवे मागवायला घ्या, २ वर आला की गाडी बाजूला लावा. मसाला पातळ झाला की उष्णता अडवायला मधे काही उरत नाही, ती सरळ पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते, आणि तिथं काय होतं ते पुढं सांगतो.

बऱ्याच महागड्या गाड्यांत पॅडमध्ये सेन्सरची तार असते, पॅड झिजला की डिस्क त्या तारेला घासते आणि लाईट लागते. एकदा घासलेला सेन्सर परत वापरायचा नसतो, तो पॅडसोबतच मागवायचा. काही पॅडना नुसती पत्र्याची पट्टी असते, ती डिस्कला लागून चिरका आवाज करते. पण प्रत्येक आवाज म्हणजे पॅड संपले असं नाही. पावसात भिजलेली गाडी सकाळी काढली की पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर येतेच, डिस्कवर रात्रीत आलेला गंज निघत असतो, तो निघाला की आवाज गेला.

मोबाईलची टॉर्च लावून चाकाच्या स्पोकमधून बघितलं की बाहेरचा पॅड दिसतो. आतला दिसत नाही, आणि बऱ्याचदा आतलाच जास्त झिजलेला असतो, त्यामुळं बाहेरून बघून "अजून आहे की" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अजून एक, जे फार जणांना माहीत नसतं. पॅड झिजतात तसे पिस्टन थोडे थोडे बाहेर येऊन राहतात आणि त्यांच्या मागची जागा भरायला ऑइल खाली उतरतं, म्हणजे बॉनेटमधल्या डबीतली लेव्हल आपोआप कमी होते. हे लीकेज नाही. पण कोणीतरी सर्व्हिसिंगला लेव्हल कमी दिसली म्हणून वरपर्यंत भरून ठेवतो, आणि तुम्ही नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागं दाबले की तेच ऑइल डबीतून उतू जाऊन रंगावर सांडतं. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं, खरोखर सोलून काढतं. त्यामुळं पिस्टन दाबण्याआधी लेव्हल बघायची, जास्त असेल तर स्वच्छ सिरिंजनं काढून घ्यायची, बाजूला पाण्याची बाटली ठेवायची आणि थेंब पडला तर लगेच धुवायचा.

डिस्कसुद्धा बघायची. तिच्या कडेला किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, डिस्क त्याच्या खाली गेली असेल तर नवे पॅड टाकून उपयोग नाही. लेथवर घासून गुळगुळीत करून देतो म्हणणारे भेटतील, पण घासली की ती अजून पातळ होणार, आणि पातळ डिस्क म्हणजे उष्णता साठवायला लोखंड कमी. भोकं पाडलेली डिस्क असेल तर भोकाभोवती तडे आहेत का तेही बघा.

कुठले पॅड घ्यायचे

इथं लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. गाडी स्पोर्ट्स आहे म्हणून रेसिंगचे पॅड मागवतात. अरे पण ते पॅड चांगले तापल्यावर काम करायला बनवलेले असतात, नव्या पेठेत गर्दीतून वीसच्या स्पीडनं जाताना ते थंडच राहणार, थंड असताना धरणार कमी, चिरकणार जास्त आणि डिस्क खाणार. रस्त्यावरच्या गाडीला कंपनीनं दिलेल्या दर्जाचे पॅड किंवा त्याच तोडीचे नावाजलेल्या कंपनीचे रस्त्यासाठीचे पॅड, विषय संपला. पार्ट नंबर चासी नंबरवरून काढायचा, मॉडेलच्या नावावरून नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन व्हेरियंटचे कॅलिपर वेगळे असू शकतात.

आणि एका बाजूचा एकच पॅड जास्त झिजलाय म्हणून तेवढाच बदलायचा नसतो. पुढचे बदलायचे तर पुढच्या दोन्ही चाकांचे. नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणार.

जागा, जॅक आणि शहाबादी फरशी

माझ्या एका मित्राचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, जर्मन दोन-सीटर बाळगून आहे. त्याचा फोन आला, "ऐक बे, ब्रेकची लाईट लागायलीय, घरी पार्किंगमधीच करू की आपण." मी म्हटलं घरी नको, कारखान्यात करू. कारण त्याच्या घरच्या पार्किंगला शहाबादी फरशी आहे. आपल्याकडं निम्म्या घरांना तीच असते आणि दिसायला भक्कम वाटते, पण फरशीच्या खाली कुठं पोकळी राहिलीय हे वरून कळत नाही, आणि जॅकचं चाक म्हणजे अख्ख्या गाडीचं वजन चार बोटांच्या जागेवर. फरशी चिरली की जॅक तिरका, जॅक तिरका की गाडी खाली. पेव्हर ब्लॉकचंही तेच. दुसरी सोयच नसेल तर जाड प्लायवूडचा मोठा तुकडा खाली टाकून वजन पसरवा. कारखान्याचा काँक्रीटचा सपाट कोबा सगळ्यात उत्तम. उतारावर तर करायचंच नाही.

जॅक हे फक्त उचलायचं साधन आहे, धरून ठेवायचं नाही. गाडी उचलली की जॅक स्टँड लावायचा, वजन त्याच्यावर सोडायचं, गाडीला हातानं नीट हलवून बघायचं आणि मगच हात आत घालायचा. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या खाली सरकवून ठेवायचं, स्टँडनं दगा दिला तरी गाडी चाकावर येईल, माणसावर नाही. विटा अजिबात नकोत, वीट फुटताना आधी सांगत नाही.

स्पोर्ट्स कारची अजून एक गंमत, ती एवढी खाली असते की साधा जॅक आत जातच नाही. आधी चाकं दोन फळ्यांवर चढवून घ्यावी लागतात. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर किट असतं, त्यामुळं डिकीत जॅकही नसतो. आणि जॅक कुठं लावायचा याच्या जागा ठरलेल्या असतात, मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते न बघता दाराखालच्या प्लॅस्टिकला लावला की कडकन आवाज येतो आणि पॅडच्या दहापट खर्च होतो.

गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर तासभर तशीच राहू द्या. डिस्कला हात लावून गरम आहे का बघू नका.

प्रत्यक्ष काम

चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, वर उचलून जोर लावला तर गाडी स्टँडवरून हलते. जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना लाकडी ठोकळे. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे काही विसरलं तर दुसरी बाजू बघायला शाबूत असते.

साध्या गाडीत कॅलिपरचे बोल्ट काढून तो वर उचलावा लागतो. काढलेला कॅलिपर रबरी पाइपावर लटकत ठेवायचा नाही, पाइप आतून तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही, तारेनं स्प्रिंगला बांधून ठेवायचा. पण चार-सहा पिस्टनवाल्या बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये उलट सोपं असतं. कॅलिपर जागेवरच राहतो, आडव्या दोन पिना असतात, त्यांची क्लिप काढून पंचनं हलकेच ठोकल्या की बाहेर येतात, मधली स्प्रिंगची पट्टी निघते, आणि पॅड वरून उपसून काढता येतात.

इथं एक मेख आहे. दोन्ही पॅड एकदम काढून एका बाजूचे पिस्टन दाबले की समोरच्या बाजूचे पिस्टन बाहेर यायला लागतात, कारण आतलं ऑइल एकच आहे, ते इकडून ढकललं की तिकडं जाणार. पिस्टन पूर्ण बाहेर आला तर खेळ संपला, ऑइल सगळं जमिनीवर आणि हवा आत. म्हणून एक जुना पॅड जागेवर ठेवायचा, दुसऱ्या बाजूचे पिस्टन हळूहळू दाबायचे, तिथं नवा पॅड बसवायचा आणि मग पहिल्या बाजूकडं वळायचं. दाबताना स्क्रू ड्रायव्हर थेट पिस्टनवर टेकवायचा नाही, मधे जुना पॅड घ्यायचा.

मागच्या चाकांना हँडब्रेक असतो त्यामुळं तिथं आधी चौकशी करा. हँडब्रेक सोडलेला हवा. काही गाड्यांत मागचा पिस्टन सरळ दाबत नाही, फिरवत फिरवत आत घालावा लागतो. आणि बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक कॅलिपरवरच असेल तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हातच लावायचा नाही, जबरदस्तीनं दाबला की आतली मोटर गेली.

साफसफाई. पॅडची काळी धूळ फुंकायची नाही, कंप्रेसरची हवा मारायची नाही, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. तोंडाला मास्क, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, आणि पुसायला रोवा न सुटणारं सुती कापड. आता सोलापुरात टॉवेलला काय तोटा, मित्रानं मशीनवरचा कोरा टर्किश टॉवेलच आणून दिला, पण त्याचे धागे डिस्कच्या भोकांत आणि पिस्टनच्या रबराशी अडकून बसतात, तो हात पुसायला ठेवला. जुनी चादर मात्र मडगार्डवर टाकायला झकास.

ग्रीस लावायचं ते पॅडची लोखंडी पाठ आणि कान जिथं घासतात तिथं, तेही ब्रेकसाठीचं, बोटाच्या टोकाएवढं. मसाल्याच्या बाजूला किंवा डिस्कला ग्रीसचं बोट लागलं तर स्प्रेनं धुवायचं, आणि मसाल्यात मुरलं असेल तर तो पॅड गेला. पॅडवर बाण असेल तर तो डिस्कच्या फिरण्याच्या दिशेला. सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्यानं, आकडा मॅन्युअलमधला. चाकाच्या बोल्टचा आकडा गाडीगणिक बदलतो, साधारण १०० ते १६० न्यूटन-मीटरच्या मधे. पायानं पान्यावर उभं राहून आवळायची पद्धत इथं चालत नाही. काही कंपन्या कॅलिपरचे बोल्ट एकदाच वापरा म्हणतात, तसं असेल तर नवे घ्या.

सगळ्यात धोक्याचा क्षण

चाक बसलं, गाडी खाली आली, हात धुतले, आणि माणूस आनंदात स्टार्टर मारून गिअर टाकतो. इथंच घात होतो. तुम्ही पिस्टन आत ढकललेत, म्हणजे आता पॅड आणि डिस्कमध्ये मोकळी जागा आहे. पहिल्यांदा पेडल दाबलं की ते काहीही न धरता थेट फ्लोअर मॅटला टेकतं. ब्रेकच नाही. गाडी हलवण्याआधी, उभ्या गाडीत पेडल हळूहळू दाबत राहायचं, तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून ते वर यायला लागतं आणि मग घट्ट होतं. मित्रानं पहिल्यांदा दाबलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला, "हे तर पूर्ण खाली जायलंय बे." जाणारच. घट्ट झाल्यावर ऑइलची लेव्हल बघायची, झाकण लावायचं, आणि फाटकाच्या आतच पाच-दहाच्या स्पीडनं ब्रेक लागतोय का बघायचं.

चार वेळा काय दहा वेळा दाबूनही पेडल स्पंजसारखं मऊच लागत असेल तर हवा शिरलीय किंवा कुठं गळतंय, गाडी जागेवर ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

नवे पॅड रुळवायचे म्हणजे काय

नवा पॅड पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीनं धरत नाही. मसाल्याचा एक पातळ थर डिस्कवर सगळीकडं सारखा चढावा लागतो. त्यासाठी पहाटे, तुळजापूर रोडला किंवा विजापूर रोडला, मागं कोणीही नसताना, ८०च्या आसपास जाऊन मध्यम जोरानं ब्रेक मारत वीसपर्यंत आणायचं, परत वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला की तिथं मसाल्याचा ठसा उमटतो आणि मग पुढं कायम स्टेअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात, बऱ्याचदा ती वाकलेली नसते. त्यानंतर दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी चालवून थंड करायची. पॅडच्या कंपनीनं वेगळी पद्धत लिहिली असेल तर तीच पाळायची.

सोलापूरच्या उन्हानं पॅड लवकर जातात का

मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की हा प्रश्न येतोच. नाही जात. सलग जोरात ब्रेक मारले की डिस्क कित्येकशे डिग्रीवर जाते, तिच्यासाठी बाहेर २५ आहे का ४४ याला फार किंमत नाही. पॅड खातं ते ट्रॅफिक, धूळ आणि आपला उजवा पाय.

उष्णतेची खरी भीती ब्रेक ऑइलला. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि त्याचा उकळबिंदू उतरत जातो. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, ओल मुरल्यावर ती किमान मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दबतो, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर दोष तापलेल्या पॅडचा. दोन वेगळे आजार आहेत. म्हणून पॅड चांगले असले तरी साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, मॅन्युअलमध्ये मुदत दिलेली असते. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये चुकूनही मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं आहे, नावावरून गोंधळ होतो तेवढा सांभाळा.

पॅड बदलले की हवा काढावी लागते का, एबीएसला काही होईल का

पाइप उघडला नाही तर हवा आत जायला रस्ताच नाही, त्यामुळं नुसते पॅड बदलताना हवा काढायची गरज नसते. एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं म्हणाल तर पिस्टन हळू दाबला तर सहसा काही होत नाही. ऑइल फारच काळं असेल तर मात्र ती घाण मागं ढकलण्यापेक्षा पॅड आणि ऑइल दोन्ही एकत्र करून घ्या, आणि ते काम गॅरेजमध्ये.

मग गॅरेजवाल्याकडून केलं तर काय वाईट

काहीच नाही. चांगला मिस्त्री असेल तर त्याच्या शेजारी उभं राहून करून घेणं हा मला तरी सगळ्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो. पार्ट तुम्ही आणा, मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडे कागदावर लिहून द्या, टॉर्क रेंच त्याच्याकडं नसेल तर तोही न्या. "मामा, एवढं याच्यावर बघून आवळता का" म्हटलं की कोणी रागवत नाही.

घरी अजिबात करू नये असेही प्रकार आहेत. कार्बन सिरॅमिक डिस्क असेल, पोर्शमध्ये पिवळा कॅलिपर ही त्याची खूण, तर लांबच राहा. त्या डिस्कच्या कडेला चाक काढताना नुसता धक्का लागला तरी टवका उडतो, आणि डिस्कच्या किमतीत एखादी चांगली छोटी गाडी येते. गाडी वॉरंटीत असेल तर कागद आधी वाचा. पिस्टनच्या रबराला ओल दिसली, पिस्टन दाबताना अडकला, बोल्टचे आटे गेले, तर तिथंच थांबायचं, सगळं परत जोडून गाडी चालवत न्यायची नाही, उचलून न्यायची.

आणि काम नीट झालं तरी शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा एकदा तपासा, डबीतली लेव्हल बघा, चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का टॉर्चनं बघा. चाकावर सुरुवातीला काळी धूळ जरा जास्त दिसेल, ती पाण्यानं धुतली की जाते, गाडी थंड असताना.